गोलरक्षकाचे हातमोजे आणि त्याचें मैदान

फुटबॉलच्या संघांतील अकरा जणांपैकीं दहांचें कसब पायांत असतें आणि एकाचें हातांत. तो एक म्हणजे गोलरक्षक. इतर दहा जणांस बूट चढविले कीं मैदानांत उतरतां येतें. गोलरक्षकास त्याखेरीज हातमोज्यांची जोडी लागते. बूट वर्षभर टिकले तर कोणी नवल करीत नाहीं. हातमोजे मात्र महिन्याभरांत तळव्याकडून सोलून निघाले, अशी तक्रार मुंबई-पुण्याच्या टर्फवर, कोल्हापूरच्या पटांगणांत आणि गोव्याच्या खेड्यांत सारखीच ऐकूं येते.

बहुधा घडतें तें असें. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दूरचित्रवाणीवर युरोपांतील सामना पाहतो. तेथील गोलरक्षकाच्या हातांतील मोजे त्याच्या मनांत भरतात. वडिलांपाशीं हट्ट धरून, किंवा सणावारीं मिळालेले पैसे सांठवून, तो त्याच जातीचे महाग मोजे आणतो. पहिले दोन दिवस चेंडू हातास असा बिलगतो कीं मुलाला स्वर्ग दोन बोटें उरतो. तिसऱ्या आठवड्यांत मनगटाजवळचें रबर सुटूं लागतें, बोटांच्या टोंकांस भोकें पडतात, आणि दुकानदारानें फसविलें असा घरांत निकाल होतो. वास्तविक दुकानदारानें फसविलेलें नसतें आणि मोजेहि खोटे नसतात. ते दुसऱ्याच जमिनीसाठीं बनविलेले असतात. हातमोजे हात पाहून निवडावे हें सर्वांस ठाऊक असतें. ते मैदान पाहूनहि निवडावे लागतात, हें मात्र ध्यानांत येईपर्यंत एक-दोन जोड्यांचे पैसे पाण्यांत गेलेले असतात.

हातमोजे हें गोलरक्षकाचें जन्मजात लेणें नव्हे. १९१२ पर्यंत गोलरक्षकास आपल्या अर्ध्या मैदानांत कोठेंहि चेंडू हातांत धरतां येत असे. त्या वर्षीं ही मोकळीक पेनल्टीच्या चौकटीपुरतीच राहिली. त्या काळीं व त्यानंतरहि कित्येक वर्षें बहुतेक गोलरक्षक उघड्या हातांनींच खेळत. पावसाळी दिवशीं चेंडूचें ओलें कातडें निसटूं नये म्हणून कोणी लोकरीचे किंवा सुती मोजे घालीत, एवढेंच. अर्जेंटिनांतील रिव्हर प्लेट संघाचा आमादेओ कारिसो ह्याची गणना हातमोजे घालून खेळणाऱ्या पहिल्या नामांकित गोलरक्षकांत होते. पुढें १९७४ सालचा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक सेप मायर ह्याचे मोठाल्या पंज्यांचे मोजे जगभर प्रसिद्ध झाले, आणि हळूहळू उघड्या हाताचा गोलरक्षक दिसेनासा झाला. असें असूनहि खेळाच्या नियमांनीं मोजे सक्तीचे केलेले नाहींत. २००४ सालीं लिस्बन येथें युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत पोर्तुगाल व इंग्लंड ह्यांच्या सामन्याचा निकाल पेनल्टीच्या फटक्यांवर येऊन ठेपला, तेव्हां पोर्तुगालचा रिकार्दो ह्यानें आपले मोजे काढून टाकले, उघड्या हातांनीं डेरियस व्हॅसेलचा फटका अडविला आणि पुढचा फटका स्वतः मारून सामना जिंकून दिला. चेंडू अडवितो तो गोलरक्षक. मोजा त्यास केवळ साह्य करतो.

हें साह्य कशाच्या बळावर होतें तें समजल्यावांचून निवड करतां येत नाहीं. उत्तम मोज्याच्या तळव्यावरील मऊ थर रबराच्या चिकाचा, म्हणजे लॅटेक्सचा, असतो. हा चीक घुसळून त्याचा फेस करतात, तो कापडावर पसरतात आणि गंधकादि द्रव्यें मिसळून उष्णतेनें पक्का करतात. रबर पक्कें करण्याची युक्ति चार्ल्स गुडइयर ह्यास १८३९ सालीं अमेरिकेंत साधली. चिकाचा फेस करून तो टिकविण्याची रीत इंग्लंडांतील डनलॉप कारखान्यांत १९२९ च्या सुमारास सिद्ध झाली. असा फेस चेंडूवर दाबला गेला म्हणजे चेंडूच्या गोलाईप्रमाणें वांकतो, त्याच्या अंगास घट्ट लागतो, आणि त्यामुळें पकड येते. फेस जितका मऊ, तितकी पकड अधिक. पण जितका मऊ, तितकी झीजहि लवकर. शाळेंतल्या मुलांस खोडरबराचा अनुभव असतो. मऊ खोडरबर अक्षर सुरेख पुसतें, परंतु स्वतःहि भुकटी होऊन संपतें. कठीण खोडरबर पुष्कळ दिवस पुरतें, मात्र कागदावर ओरखडे ठेवतें. पकड आणि टिकाऊपणा ह्यांचें असेंच वांकडें आहे. दोन्ही गुण पराकोटीस पोंचलेला मोजा मिळत नाहीं. म्हणून वेष्टनावर दोहोंचेंहि वचन छापलेलें दिसल्यास त्यावर भिस्त ठेवूं नये.

आतां मैदानाकडे वळावें. सर्वांत मऊ तळव्याचे उंची मोजे ज्या मैदानांसाठीं बनतात, तीं दाट, नीट कापलेल्या आणि ओलसर गवताचीं असतात. तेथें गोलरक्षक आडवा पडला तर गवत लवतें, खालची माती थोडी दबते, आणि तळवा सहीसलामत राहतो. शिवाय नामांकित व्यावसायिक गोलरक्षकास मोजे करणाऱ्या कारखान्याकडूनच जोड्यांवर जोड्या मिळतात. एक जोडी थोड्या सामन्यांत निकामी झाली तरी त्याच्या खिशास झळ लागत नाहीं. वर्षाकांठीं एकच जोडी घेऊं शकणाऱ्या मुलानें त्याचें अनुकरण करावें, ह्यांत शहाणपण नाहीं.

कृत्रिम हिरवळीची गोष्ट निराळी आहे. १९६६ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील छप्पर असलेल्या प्रचंड क्रीडागारांत ती अंथरली गेली आणि तिचें नांव झालें. १९८१ सालीं लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स संघानें आपल्या लॉफ्टस रोडच्या मैदानावर ती आणली. त्या वेळची हिरवळ म्हणजे कठीण बैठकीवर पसरलेला आंखूड धाग्यांचा गालिचाच होता. चेंडू तिच्यावर बेताल उसळे आणि पडणाऱ्याच्या अंगाचीं सालटीं निघत. इंग्लंडांतील प्रमुख संघांनीं पुढें ती काढून टाकली. त्यानंतर आलेल्या नव्या जातीच्या हिरवळींत प्लास्टिकचे धागे लांब असतात आणि त्यांच्या बुडाशीं वाळू व रबराचे बारीक दाणे भरलेले असतात. २०१५ सालीं कॅनडांत झालेली स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा संपूर्णपणें कृत्रिम हिरवळीवर खेळविली गेली. मुंबईच्या कूपरेजवर, म्हापशाच्या दुलेर क्रीडांगणावर ही हिरवळ आली. आणि आतां तर शहरोशहरीं तासाच्या भाड्यानें मिळणारीं, जाळीनें वेढलेलीं लहान टर्फ रात्रीं उशिरापर्यंत गजबजलेलीं असतात.

ही हिरवळ अंगास पूर्वीइतकी बोंचत नसली तरी मोज्यांस ती सोसत नाहीं. प्लास्टिकचा धागा गवताच्या पात्याप्रमाणें तुटत नाहीं व चुरडत नाहीं. तळवा त्यावरून ओढला गेला कीं कानसीखालीं लांकूड सांपडावें तसा मऊ फेस खरवडला जातो. खालची वाळू सहाणेचें काम करते. त्यांत उन्हाची भर पडते. भर दुपारीं कृत्रिम हिरवळ नैसर्गिक गवतापेक्षां कितीतरी अधिक तापते, आणि उष्णता ही रबराची जुनी वैरीण आहे. लहान टर्फवर तर गोल जवळ, फटके जवळचे, आणि गोलरक्षकास पडण्याचे प्रसंग वारंवार. मोठ्या मैदानावर संपूर्ण सामन्यांत जितकी झीज होईल, तितकी तेथें तासाभरांत होऊं शकते.

खडबडीत मैदानाचा स्वभाव ह्याहूनहि वेगळा आहे. कोल्हापुरांत फुटबॉल तालमींच्या अभिमानावर वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हीं तालमींचीं नांवें तेथें घरोघरीं माहीत आहेत. मोठे सामने शाहू क्रीडांगणावर होतात. पण पेठेंतील पोर पहिल्यानें पडावयास शिकतें तें बहुधा शाळेच्या किंवा मोकळ्या जागेच्या कोरड्या, कठीण मातीवर. गोव्यांत भात कापून झालें कीं शेतांत गोलाचे खांब उभे राहतात, आणि पायांखालीं व हातांखालीं धसकटें येतात. कोंकण-गोव्याच्या सड्यांवर जांभ्याचे बारीक खडे असतात, त्यांची धार वेगळीच. ह्या प्रदेशांत गोलरक्षक निपजत नाहींत असें मुळींच नव्हे. भारतीय संघाचें कर्णधारपद भूषविणारे आणि १९९७ सालीं अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरलेले ब्रह्मानंद शंखवाळकर हे गोव्याचेच. परंतु अशा मैदानांवर मोजा केवळ घासला जात नाहीं, तो फाटतो. खडा फेसांत रुततो, तळवा ओढला गेला कीं चीर पडते, आणि ती चीर प्रत्येक झेपेबरोबर वाढत जाते. थोडक्यांत, कृत्रिम हिरवळ मोज्याचें रबर खरवडते आणि खडकाळ माती तें चिरते. दोहोंस उपाय एक नाहीं.

कृत्रिम हिरवळीसाठीं अतिमऊ फेस टाळून मध्यम कठीण फेसाचा तळवा घ्यावा. तो भरपूर जाड असावा, म्हणजे झिजावयास अवकाश राहतो. जाडीच्या आंकड्यांत मात्र गफलत होते. वेष्टनावर सात मिलिमीटर लिहिलेलें असलें तर त्यांत पुष्कळदां बाहेरचा फेस व आंतील अस्तर ह्यांची बेरीज असते. झिजतो तो बाहेरचा थर, आणि तो सामान्यतः तीन ते चार मिलिमीटरचा असतो. तेव्हां पुसावयाचें तें बाहेरच्या थराविषयीं. दुसरें पाहावयाचें तें मनगटाजवळचें तळव्याचें टोंक. गोलरक्षक जमिनीवर टेकतो तो ह्याच भागानें, आणि म्हणून पहिलें भोक तेथेंच पडतें. ज्या मोज्यांस त्या जागीं कठीण रबराचा जादा तुकडा शिवलेला असतो, ते ह्या हिरवळीवर अधिक टिकतात.

खडबडीत मैदानासाठीं ह्याहि पुढें जावें लागतें. तेथें स्पंजासारखा फेस शक्यतों टाळून चिवट, कमी छिद्रांचें, किंवा खवल्यांसारखे उंचवटे असलेलें कठीण रबर निवडावें. अशा मोज्याची पकड कमी असते, हें आरंभींच मान्य केलेलें बरें. ती उणीव शरीरानें भरून काढावयाची असते: चेंडूमागें दोन्ही हात आणि हातांमागें छाती आणावयाची, आणि पकडीची खात्री नसेल तेथें चेंडू मुठीनें किंवा तळव्यानें बाजूस सारावयाचा. चिकट मोज्यावर विसंबून एका हातानें चेंडू झेलण्याची हौस जांभ्याच्या मैदानावर परवडत नाहीं.

शिवणीकडेहि लक्ष असावें. कांहीं मोज्यांच्या बोटांची शिवण बाहेर दिसते. हे सपाट बेताचे मोजे मोकळे असतात, पण त्यांच्या शिवणीचा दोरा जमिनीस लागतो. कांहींची शिवण आंत वळविलेली असते. त्यांचा दोरा सुरक्षित राहतो, मात्र ते बोटांस घट्ट बसतात. तिसऱ्या जातींत तळव्याचें रबरच बोटाभोंवतीं कडेपर्यंत गुंडाळून घेतलेलें असतें. त्यामुळें बोटाची कड चेंडूस लागली तरी रबरच लागतें. बेत कोणताहि असो, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याच्या मुळाशीं दुहेरी टांके आहेत कीं नाहींत, हें ओढून पाहावें. कित्येक मोज्यांच्या बोटांत प्लास्टिकच्या काड्या घातलेल्या असतात. बोट मागें मुडपूं नये हा त्यांचा हेतु. टिकाऊपणाशीं त्यांचा संबंध नाहीं, आणि त्यांच्यापायीं मूठ वळावयास अडचण होते. केवळ त्या आहेत म्हणून अधिक किंमत मोजावी असें नाहीं.

माप चुकलें तर उत्तम मोजाहि लवकर जातो. अंगठा सोडून बोटांच्या मुळाशीं पंज्याचा घेर इंचांत मोजावा, अपूर्णांक असल्यास पुढचा पूर्ण आंकडा धरावा, आणि त्यांत एक मिळवावा. घेर साडेसात इंच भरला तर आठ अधिक एक, म्हणजे नऊ क्रमांक. हा ठोकताळा बहुतेक ठिकाणीं चालतो. तरी कारखान्यागणिक फरक असल्यामुळें मोजा घालूनच घ्यावा. बोटांच्या टोंकापुढें अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची जागा मोकळी असावी. घट्ट मोज्याची शिवण उसवते. सैल मोज्याच्या तळव्यास सुरकुत्या पडतात, आणि जमीन प्रथम त्या सुरकुत्याच खाते. वाढत्या वयाचा मुलगा म्हणून दोन क्रमांक मोठा मोजा घेणें ही काटकसर अंगलट येते.

परंतु मोज्याचें आयुष्य दुकानांत अर्धेंच ठरतें. उरलेलें अर्धें तो वापरणाऱ्याच्या संवयींत असतें. खालच्या चेंडूवर झेप घेतांना तळवे आधीं जमिनीवर आपटूं नयेत. हात चेंडूवर जावेत, आणि अंगाचा भार पोटरीची व मांडीची कड, कंबर, खांदा ह्या क्रमानें बाजूवर उतरावा. उठतांना तळवा टेकून रेटा देण्याची संवय सर्वांत घातक. तीच शक्ति मूठ टेकून, किंवा हातांतील चेंडूवर भार देऊन मिळते. ज्यास कोणी ही रीत शिकविली नाहीं, त्याचे कितीहि कठीण मोजे टिकावयाचे नाहींत.

खेळापूर्वीं तळवे पाण्यानें किंचित् ओले करावे. कोरडा फेस चेंडूवरून घसरतो आणि ठिसूळपणें तुटतो. ओलावा मिळाला कीं तो पुन्हां मऊ होतो. खेळ संपल्यावर घामाचे व मातीचे मोजे पिशवींत कोंबून ठेवणें म्हणजे त्यांस कुजत घालणें होय. साध्या किंवा कोमट पाण्यांत हातानें धुवावे, दाबून पाणी काढावें, पिळूं नयेत, आणि वाऱ्याच्या सांवलींत वाळत घालावे. गरम पाणी, कपडे धुण्याचें यंत्र आणि कडक ऊन हीं तिन्ही रबर कडक करून त्यास चिरा पाडतात. तळव्यास तळवा लावून ठेवले तर रबर एकमेकांस चिकटतें आणि सोडवितांना सालपटें निघतात. म्हणून मध्यें कापड किंवा पातळ प्लास्टिक घालावें. मनगटाच्या वेल्क्रोच्या पट्ट्यांत हिरवळीचे धागे व रबराचे दाणे अडकून ती धरीनाशी होते. दांत घासण्याचा जुना ब्रश तेथें उत्तम काम देतो.

आणखी एक व्यवहार अनुभवी गोलरक्षक पाळतात. सामन्यासाठीं एक जोडी आणि सरावासाठीं दुसरी, असे दोन भाग ते करतात. सरावास स्वस्त व कठीण जोडी वापरतात, आणि मऊ जोडी सामन्याच्या दिवसापुरती जपतात. ती जुनी झाली कीं सरावास येते आणि तिच्या जागीं नवी घेतली जाते. एकच महाग जोडी रोज वापरण्यापेक्षां दोन मध्यम किंमतीच्या जोड्या बहुधा अधिक काळ पुरतात, आणि सामन्याच्या वेळीं हातांत भरवशाचा मोजा असतो.

हा सारा विचार केवळ चार पैसे वांचविण्यासाठीं आहे असें कोणास वाटेल. पैशाची गोष्ट लहान नाहींच. ज्या घरांत मुलाच्या वह्यांचा आणि बुटांचा हिशोब एकाच वहींत मांडला जातो, त्या घरीं दुसरी जोडी मागावयाचा त्यास धीर होत नाहीं. पण ह्याहून मोठी हानि मैदानांत होते. आपले मोजे आतां फाटले तर पुन्हां मिळावयाचे नाहींत, हें ज्यास ठाऊक आहे, तो मुलगा नकळत पडावयाचें टाळतो. खालचा चेंडू तो हातांऐवजीं पायानें अडवूं पाहतो. जेथें झेप घ्यावयाची तेथें एक पाऊल टाकून थांबतो. पाहणारे म्हणतात, पोरगा भित्रा आहे. तो भित्रा नसतो. तो मोजे राखीत असतो. ज्याचा तळवा आधींच फाटला आहे, तो हाताचें कातडें राखीत असतो. गोलरक्षकाच्या खेळांत अर्ध्या क्षणाचा संकोच म्हणजे गोल होय, आणि तो संकोच एकदां अंगीं मुरला कीं पुढें नवे मोजे देऊनहि जात नाहीं.

म्हणून ही निवड एकट्या मुलावर सोडणें योग्य नव्हे. सदरे सगळ्यांस संघाकडून मिळतात, चेंडू आणि जाळी संघाची असते. हातमोजे मात्र पुष्कळ ठिकाणीं ज्याचे त्यानें आणावयाचे असतात. वस्तुतः ते दहा जणांच्या चुका झांकणाऱ्या एका माणसाच्या हातांत असतात, आणि त्यांचा खर्च अकरांत वांटला तर प्रत्येकाच्या वांट्यास थोडाच येतो. शाळेनें, तालमीनें किंवा मंडळानें सरावासाठीं कठीण तळव्याच्या एक-दोन जोड्या चेंडूप्रमाणेंच संघाच्या सामानांत ठेवाव्या, आणि त्या धुवून वाळविण्याची पाळी सर्वांनीं घ्यावी. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा गोलरक्षक असेल, त्यांनीं पुढची जोडी घेण्यापूर्वीं एकदां त्याच्याबरोबर मैदानावर जावें, खालची जमीन हातानें चांचपून पाहावी, आणि मग दुकानांत जावें.